मॅडमच्या लायकीचं दुखणं

वाकणखेड हे बेट आहे असं म्हटलं तर सरकार कबूल होत नाही. सरकारच्या नकाशात गावाला रस्ता आहे. काळ्या रेघेनं काढलेला, चांगला सरळ. रस्ता खरोखरच आहे, फक्त आषाढापासून दसऱ्यापर्यंत तो पाण्याखाली असतो. तीन बाजूंनी पूर्णेचं वाकण, त्यात खालच्या बंधाऱ्याचं फुगून मागं आलेलं पाणी. चौथ्या बाजूला एक नाला. हा नाला आठ महिने शेळीच्याही गुडघ्याला लागत नाही आणि चार महिने खुशालराव भोयाच्या डोंग्याशिवाय कोणाला ओळख देत नाही. पलीकडे उतरलं की डांबरी सडक, आणि सडकेनं पाऊण तासावर मूर्तिजापूर.

गावात आरोग्य उपकेंद्र होतं. इमारत पक्की, फरशी गुळगुळीत, भिंतीवर हसऱ्या बाळाचं चित्र. नव्हतं ते माणूस. सहा वर्षांत पाच जण येऊन गेले होते आणि गावाला ते पाचही जण राजांच्या वंशावळीसारखे पाठ होते. पहिली नर्सबाई न्हाणीत साप निघाला म्हणून गेली. साप तिच्या आधीपासून तिथं राहत होता, पण ते ऐकून घ्यायला ती थांबली नाही. दुसरा डोंग्यात चढताना पाण्यात पडला आणि कपडे वाळायच्या आत त्यानं अर्ज लिहिला. तिसरा आलाच नाही. फळ्यावर त्याचं नाव मात्र दोन वर्षं होतं आणि त्या काळात गावानं नावाशी कधी उद्धट वर्तन केलं नाही. चौथीचं लग्न जमलं, आणि नवऱ्याकडचे लोक गाव पाहून गेले. पाचवा डॉक्टर चांगला होता. तेच त्याला भोवलं. लोक त्याला जेवताना उठवत, आंघोळीतून बोलावत, म्हैस आटली तरी त्याच्याकडे नेत. अकरा महिन्यांत माणूस सुकून काडी झाला. जाताना डोंग्यात बसून रडला म्हणतात. खुशालराव सांगायचा, ‘म्या वल्हं सोडून त्याचे डोळे पुसले.’

सहावी आली ती दीक्षा. अकोल्याची पोर, सव्वीस वर्षांची, उपकेंद्राची नवी आरोग्य अधिकारी. सोबत बाप होता, जानराव, एस.टी.तून निवृत्त झालेला वाहक. गादी, शेगडी आणि पुस्तकांचं खोकं त्यानं स्वतः डोक्यावरून आणलं. माघ महिना होता, नाला कोरडा. उपकेंद्राची खोली त्यानं दोनदा झाडली, कडी लागते का पाहिलं, आणि परत निघताना गावात वडीलधारं कोण म्हणून विचारलं. लोकांनी उत्तमरावाकडे बोट दाखवलं.

उत्तमराव फुलांचा मळेकरी. दीड एकर झेंडू, बांधाला निशिगंध, उरलेल्यात वांगी-मिरची. वय बासष्ट. ग्राम आरोग्य समितीचं अध्यक्षपद त्याच्याकडे होतं, कारण ज्या सभेत ते वाटलं गेलं त्या सभेला तो उशिरा पोचला होता. जानरावानं त्याचे दोन्ही हात धरले.

“पोरगी एकटी हाय, भाऊ. तिले त्रास नको होऊ देजा.”

उत्तमरावानं शब्द दिला. पुढं जे झालं ते त्या शब्दापायी झालं, म्हणून तो इथं सांगितला.

त्याच आठवड्यात पारावर सभा भरली. उत्तमरावानं पाचव्या डॉक्टरची आठवण काढली आणि म्हणाला की माणूस काही विहीर नाही, की प्रत्येकानं दोर टाकावा. ही पोरगी टिकवायची असेल तर तिला जपून वापरलं पाहिजे. ठराव झाला. दुखण्याचे दोन प्रकार पाडले. एक मामुली, म्हणजे जे आपोआप बरं होतं किंवा ज्याची सवय होते. दुसरं मॅडमच्या लायकीचं. कोणतं कोणत्यात मोडतं ते आशाताई शकुननं पाहायचं, आणि शकुनला उकललं नाही तर उत्तमरावानं. ठराव कागदावर लिहिला नाही, मॅडमच्या कानावर घालायचा नाही असंही ठरलं. तिला वाईट वाटलं असतं.

वाकणखेडनं आजवर इतका कोणताच ठराव पाळला नव्हता.

तीन दिवसांच्या आतला ताप मामुली ठरला. खोकला रक्त पडेपर्यंत मामुली. गुडघे, कंबर, पित्त, चक्कर ही तर दुखणी म्हणून धरलीच गेली नाहीत. पिंटू न्हाव्याला विंचू चावला तेव्हा मात्र प्रश्न अवघड होता. पारावर दोन बाजू पडल्या, आणि विंचू काळा की पिवळा यावर बोलणं लांबत गेलं. तो मॅडमच्या लायकीचा आहे असा निकाल लागेपर्यंत पिंटूची ठणक उतरली होती. लोकांनी त्यात समितीचंच यश पाहिलं.

दीक्षा सकाळी नऊला दार उघडी. टेबल पुसी, रक्तदाबाचं यंत्र मांडी आणि बसून राही. दुपारी दार लावी. तिनं शकुनला एकदा विचारलं की गावात कोणी आजारी पडत नाही का. शकुन म्हणाली, “गावचं पाणी चांगलं हाय, मॅडम.” वाकणखेडचं पाणी असं की त्यात डाळ शिजत नाही आणि चहात दूध टाकलं तर फाटतं. दीक्षा खारपाणपट्ट्याचीच, तिला हे ठाऊक होतं. तिनं टेबल पुन्हा पुसलं.

माया मात्र गावानं कमी केली नाही. वांगी, मेथी, ताक, सणाला पुरणपोळी. माणसं उपकेंद्राच्या ओट्यावर ठेवायची आणि आवाज न करता निघून जायची. आत जायचं नाही, बसायचं नाही, मॅडमचा वेळ खायचा नाही. माणिकबाई, म्हणजे उत्तमरावाची बायको, दर गुरुवारी निशिगंधाची जुडी ठेवी आणि दाराला हात न लावता मागं फिरे.

माणिकबाई ठरावाची नवऱ्याहून कडक होती. शेजारची मैना लंगडत उपकेंद्राकडं निघाली तेव्हा तिनं भर हापशीवर अडवलं. “पाय मुरगळला म्हणून मॅडम? तुह्यासारख्यानंच मागचा डॉक्टर पळाला. हळद लाव अन् कामाले लाग.” चार बाया हसल्या. मैना हळद लावून कामाला लागली. तिचा पाय मोडलेला होता हे पुढं कळलं, तोवर तो वाकडा जुळला होता.

*

यंदा पाऊस जायचं नाव घेईना. पितृपक्ष उलटला, घट बसले, तरी नाल्याला पाणी तसंच. दसरा शुक्रवारी होता, आणि झेंडू दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत अकोल्यात पोचला नाही तर तो झेंडू राहत नाही, गुरांचा चारा होतो; गुरंही तोंड लावत नाहीत.

मंगळवारपासून तोडा सुरू झाला. सकाळी दव असतं, फूल जड असतं. वाकायचं, देठ नखानं खुडायचं, ओटीत टाकायचं, ओटी भरली की कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, रिकामी करायची. दोन सऱ्या झाल्या की बोटं काळी पडतात, आणि तो काळा साबणानं जात नाही, जेवणात वास येतो. पोरगी वर्षाली शेंदूरजनाघाटला दिलेली; संत्र्याच्या बागेतून तिला सवड नव्हती. तेव्हा दीड एकराला नवरा-बायको दोघंच.

माणिकबाई त्या दिवशी दोनदा खाली बसली. झेंडू बसून तोडत नाहीत. उत्तमरावानं मान वर केली.

“काय वं?”

“काही नाही. डाव्या हाताले रग लागली.”

तो म्हणाला, उजव्यानं तोड. ती उजव्यानं तोडू लागली.

बुधवारी जबडा दुखायला लागला. तिनं दाढेत लवंग धरली. कोणती दाढ म्हटलं तर तिला बोट ठेवता येईना. म्हणे सगळीच बाजू ओढते. अंगाला घाम होता. ऊन नव्हतं, ढग भरून आले होते, वारा गार होता, आणि हिचं लुगडं पाठीला चिकटलेलं. उत्तमरावानं ते पाहिलं. पाहिलं नाही असं त्यानं पुढं कधी कोणाला सांगितलं नाही.

शकुन बांधावरून चालली होती. तिनं कपाळाला हात लावला, अंग गार आहे म्हणाली, आणि मग जरा थांबून म्हणाली की काकी, हे मले उकलत नाही, मॅडमले सांगू काय. शकुनला उकललं नाही तर निकाल उत्तमरावाचा. दोघी त्याच्याकडे पाहू लागल्या.

आता उत्तमरावाच्या डोक्यात त्या वेळी काय काय होतं ते नीट सांगायला हवं. अध्यक्षाचीच बायको दाढेसाठी मॅडमकडं गेली तर उद्यापासून ठराव कोण पाळणार, हे होतं. अर्धा मळा उभा होता, हेही होतं. आणि चाळीस वर्षांत ही बाई कधी अंथरुणाला पाठ लावून दुपारची निजली नव्हती, तेव्हा हिला काही होऊ शकतं ही गोष्टच त्याच्या डोक्यात शिरत नव्हती. माणूस घराच्या आढ्याबद्दल जसा निर्धास्त असतो, तसा तो बायकोबद्दल होता.

तो बोलायच्या आधीच उत्तर आलं. माणिकबाई लवंग एका गालातून दुसऱ्यात सारत म्हणाली, “मैनाले म्या चारचौघीत वापस पाठवलं. आता म्या दाढ घेऊन जाऊ? थोबाड कुठं लपवू मंग?”

“मामुली हाय,” उत्तमराव म्हणाला. “उद्या कट्टे गेले की संध्याकाळी पाहू.”

शकुन गेली.

तासाभरानं दीक्षाच आली. पाण्यात क्लोरीन टाकायला ती हापशीकडं निघाली होती. हातात डबी, पायात चिखलानं भरलेली चप्पल. बांधाशी थांबली. गावातल्या माणसाशी बोलायला तिला निमित्त लागायचं, ते तिला फुलं दिसली. फुलं छान आलीत म्हणाली. मग तिची नजर माणिकबाईच्या चेहऱ्यावर ठरली.

“काकू, बऱ्या आहात ना?”

माणिकबाई उभी राहिली. पदरानं कपाळ, गळा, वरचा ओठ पुसला. हसली.

“ठणठणीत हावो, मॅडम. तुमी जेवल्या का?”

दीक्षा क्षणभर तिथंच थांबली. एक पाऊल सरीत टाकलं असतं तर ती माणिकबाईच्या मनगटापर्यंत पोचली असती. तिनं उत्तमरावाकडं पाहिलं. उत्तमरावानं ओटीतली चार चांगली फुलं निवडून बांधावर, तिच्या पायापाशी ठेवली, आणि वाकून पुन्हा तोडायला लागला. दीक्षानं फुलं उचलली आणि ती हापशीकडं निघून गेली.

*

गुरुवारी फटफटलं तेव्हा दोघं मळ्यात होती. खुशालरावाचा डोंगा आठला सुटणार होता. पलीकडं अकोल्याच्या जठारपेठेतल्या फुलवाल्याची गाडी उभी राहणार होती. माणिकबाई त्या दिवशी बरी दिसत होती. वर्षालीला कोणतं लुगडं घ्यायचं ते बोलत होती. पिवळ्या सरीच्या टोकाला ती होती, हा केशरी सरीच्या मध्याला. बोलणं बंद झालं ते त्याच्या ध्यानात आलं नाही. तोडताना माणूस मध्येच गप्प होतो. कट्टा बांधायला सुतळी हवी होती म्हणून त्यानं हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा हाक न मारता तो पळाला.

ती कुशीवर पडली होती. ओटी सुटून फुलं मातीत सांडली होती, आणि काळी बोटं अजून एका देठाला धरून होती.

मळ्यापासून उपकेंद्रापर्यंत पळत गेलं तर म्हाताऱ्या माणसाला चार मिनिटं लागतात. हे त्याला त्या दिवशी कळलं. दीक्षा दात घासत होती. त्याचं तोंड पाहून तिनं विचारलं काही नाही. पिशवी घेतली आणि अनवाणी त्याच्या पुढं पळाली. मातीत गुडघे टेकून तिनं छाती दाबायला सुरुवात केली. मोजत दाबत होती, मोठ्यानं. मग कोणीतरी बाज आणली, आणि गावातले आठ जण ती घेऊन धक्क्याकडं पळाले, आणि दीक्षा बाजेबरोबर पळत दाबत होती.

डोंग्यात फुलांचे कट्टे भरलेले होते. खुशालरावानं ते एकेक करून पाण्यात लोटले. नाल्यावर झेंडूचा पट्टा पसरला, आणि त्यातून वल्हं मारत त्यानं डोंगा पलीकडे नेला. अर्ध्या पाण्यात दीक्षाचं मोजणं थांबलं. उत्तमराव म्हणाला, मोजा ना, मॅडम. ती परत मोजू लागली. पलीकडच्या काठाला लागेपर्यंत ती मोजत राहिली, ते त्याच्यासाठी. सडकेवर फुलवाल्याची गाडी अजून आली नव्हती, आणि रुग्णवाहिका यायला आणखी अर्धा तास लागला, पण तिचा त्यात दोष नव्हता.

माणिकबाईच्या मयतीला फुलं आणावी लागली नाहीत.

*

सातव्या दिवशी दीक्षा घरी आली. वर्षाली आत होती, तिनं चटई टाकली. आठ महिन्यांत मॅडम पहिल्यांदा या घराच्या उंबऱ्याआत आली होती. तिच्या हातात कागद होता. गावात मयत झाली की पंधरा दिवसांत तो भरून पाठवावा लागतो. कागद आता नको असेल तर मी दोन दिवसांनी येते, असं ती म्हणाली. उत्तमराव म्हणाला, भरा.

नाव, वय, दुखणं केव्हा सुरू झालं. मंगळवार, तो म्हणाला. कुठं दुखत होतं. डावा हात, जबडा, मग घाम. ती लिहीत होती आणि तिचं पेन मध्येमध्ये थांबत होतं.

“बुधवारी मी बांधावर होते तेव्हा?”

“तवाही दुखत होतं.”

तिनं ते लिहिलं. पुढचा प्रश्न तिनं वाचला आणि खाली पाहतच विचारला. “उपचार का घेतले नाहीत. चार चौकटी आहेत, काका. एकीवर खूण करायची आहे. दवाखाना लांब. कर्मचारी हजर नाही. वाहन नाही.” ती थांबली. “विश्वास नाही.”

उत्तमराव चौकटींकडं पाहू लागला.

“चौथीवर करते,” दीक्षा म्हणाली. आवाज साधा होता, हिशेब फार आधी झालेला. “मला पहिल्या महिन्यातच समजलं होतं. सगळे ओट्यावर ठेवून जातात. आत कोणी येत नाही. मी दिलेलं पाणी कोणी पीत नाही. मले वाटलं होतं, आजकाल दुखण्यापुरतं तरी माणूस आमच्या हाताचं चालवून घेते.” अकोल्याची बोली तिच्या तोंडून पहिल्यांदाच अशी निसटली होती. “बाबा म्हणे थांब, लोक वाईट नाहीत. पण नुसतं बसून तरी किती दिवस राहाव? म्या बदलीचा अर्ज देल्ला भादव्यात. परवा ऑर्डर आली.”

वर्षाली आतून दारापर्यंत आली आणि तिथंच उभी राहिली.

उत्तमरावानं सांगायला सुरुवात केली. जानरावानं धरलेले हात, पाचवा डॉक्टर, पारावरची सभा, मामुली आणि लायकीचं. शकुनचं काम काय होतं ते. मैनाचा पाय, पिंटूचा विंचू. आठ महिने पारावर बसून ज्या गोष्टीला तो व्यवस्था म्हणत होता, ती त्या चटईवर तोंडून बाहेर पडताना त्यालाच येड्या माणसाची बडबड वाटली. गावात ‘ते’ मनात धरणारं कोणीच नव्हतं असं त्यानं सांगितलं नाही. दोन-चार घरं होती, ती ठरावाआड मजेत लपली होती, हेही त्यानं सांगितलं. पण माणिक त्यातली नव्हती. माणिक दाराला हात लावत नव्हती, कारण कडी वाजली असती.

दीक्षानं तोंडावर हात धरला.

“तुमी टिकावं म्हणून,” उत्तमराव म्हणाला.

“तुमी आले नाही म्हणून चालली मी, काका.”

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. वर्षाली दारातच खाली बसली.

“बुधवारी सांगितलं असतं तर?” त्यानं विचारलं.

दीक्षाला खोटं बोलता आलं असतं, आणि कोणीही ते माफ केलं असतं. तिनं डोळे पुसले.

“चावायची गोळी देली असती. फोनवर मोठ्या डॉक्टरांना विचारलं असतं. डोंगा लगेच मागवला असता. वाचल्याच असत्या असं नाही म्हणत मी.”

“गोळी होती?”

“होती.”

“किती?”

“डबा भरून आहे, काका. फोडलाच नाही अजून.”

त्यानं मान हलवली. व्यवहारातली एखादी गोष्ट पटली की हलवतो तशी. मग बोटांकडं पाहिलं. सात दिवस झाले तरी झेंडूचा काळा गेला नव्हता. ऑर्डरवर कोणती तारीख आहे ते त्यानं विचारलं. सोमवार, ती म्हणाली. थांबा म्हणायला त्याच्याजवळ तोंड नव्हतं, आणि थांबते म्हणायला तिच्या हातात काही राहिलं नव्हतं; जिथं पाठवलं तिथली जागाही चार वर्षं रिकामी होती.

दीक्षानं कागद पुढं ओढला. चारही चौकटी पुन्हा पाहिल्या.

“काय लिहू मग? यात नाही हे.”

“चौथीच करा,” उत्तमराव म्हणाला.

“काका, ते खरं नाही.”

“खरं हाय. तुमच्या हातावर होता इश्वास. तुमी राहान याच्यावर नव्हता.”

तिनं चौथ्या चौकटीत खूण केली. वर बसून तो कागद वाचणारा त्याचा काय अर्थ लावील, ते दोघांनाही ठाऊक होतं. तिनं पेन त्याच्याकडं दिलं आणि बोटानं जागा दाखवली, आणि उत्तमरावानं, एरवी सही करताना जसा तो जरा ताठ बसायचा तसा ताठ बसून, सही केली.